अ‍ॅबरव्हॅन दुर्घटना व वृत्तमाध्यमे

दक्षिण वेल्समधील अ‍ॅबरव्हॅन या खाणकामगारांच्या गावी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसाखाणीच्या टाकाऊ मालाचा प्रचंड ढीग कोसळून १४४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ११६ मुले होती. खाणींच्या इतिहासात या दुर्घटनेची नोंद औद्योगिक निष्काळजीपणाचे उदाहरण म्हणून होते. वृत्तव्यवसायाच्या इतिहासात तिला वेगळे स्थान आहे. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचल्यानंतरच्या काळात एका लहानशा गावाचा शोक येथे काही तासांत साऱ्या देशाचा झाला आणि शोकग्रस्तांच्या दारापर्यंत जाण्याचा वार्ताहराचा अधिकार कोठवर पोहोचतो, हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला. या प्रश्नाची चर्चा करताना अ‍ॅबरव्हॅनचा दाखला वारंवार दिला जातो. पण तो बहुधा अर्धाच दिला जातो. ज्या वृत्तपत्रांनी तेथील माणसांना दुखावले, त्यांतूनच त्या माणसांची तक्रारही जगापुढे आली, हा त्याचा दुसरा अर्धा भाग होय.

अ‍ॅबरव्हॅन हे गाव मर्थर टिडव्हिल या जुन्या औद्योगिक नगराच्या दक्षिणेस सु. ६ किमी. अंतरावर, टॅफ नदीच्या खोऱ्यात वसले आहे. गावाचे जीवन मर्थर व्हेल या कोळसाखाणीवर अवलंबून होते. खाणीतून निघणारा दगड, माती व गाळ गावावरील डोंगरउतारावर टाकला जाई. १९४७ मध्ये ब्रिटनमधील खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन त्यांचा कारभार राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे आला. मंडळाने १९५८ मध्ये सुरू केलेला ढीग क्र. ७ हा पाण्याच्या झऱ्यांवरच रचला जात होता. हे झरे भूमापनाच्या नकाशांवर दाखविलेले होते आणि गावकऱ्यांनाही ठाऊक होते. शाळेच्या मागील बाजूस टाकल्या जाणाऱ्या गाळापासून धोका आहे, असे मर्थर नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ मध्ये लेखी कळविले होते. त्याचा परिणाम झाला नाही. २१ ऑक्टोबरच्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास सु. १,४०,००० घनयार्ड माल सुटून खाली आला. वाटेतील शेतघरे गाडून तो पँटग्लास प्राथमिक शाळेवर व शेजारच्या घरांवर आदळला. सत्रातील मधल्या सुटीपूर्वीचा तो शेवटचा दिवस होता. मृत मुले बहुतेक सात ते दहा वर्षे वयाची होती. सकाळी अकरानंतर ढिगाऱ्यातून कोणीही जिवंत निघाले नाही. शोध मात्र सु. एक आठवडा चालू राहिला.

बातमी प्रसृत होताच आसपासच्या खोऱ्यांतून खाणकामगार फावडी घेऊन धावले. त्यांच्या पाठोपाठ कार्डिफ व लंडन येथील वार्ताहर, छायाचित्रकार व दूरचित्रवाणीची पथके आली. स्थानिक साप्ताहिकात उमेदवारी करणारा अवघ्या अठरा वर्षांचा मेल पॅरी हा छायाचित्रकार त्याआधीच तेथे पोहोचला होता. पोलीस शिपाई एका वाचलेल्या मुलीला उचलून नेत असल्याचे त्याने टिपलेले चित्र जगभर छापले गेले. बीबीसीचे क्लिफ मिकेलमोर यांनी त्याच सायंकाळी घटनास्थळावरून केलेले निवेदन, त्यांचा आवाज जड झाला असतानाही, प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. या दोन्ही गोष्टींबद्दल गावाने फारशी तक्रार केल्याचे आढळत नाही. आलेल्यांपैकी पुष्कळांनी लेखणी वा कॅमेरा बाजूला ठेवून मातीही उपसली.

तक्रार होती ती निराळ्या वर्तनाविषयी. एका मदतकर्त्याची आठवण नंतरच्या अभ्यासकांनी नोंदविली आहे. तो मुलांना उकरून काढण्याच्या कामात असताना, चांगले चित्र मिळावे म्हणून एक छायाचित्रकार एका लहान मुलीला आपल्या मेलेल्या मित्रमैत्रिणींसाठी रडून दाखविण्यास सांगत होता. हे ऐकल्यापासून आपण गप्प राहण्यास शिकलो, असे त्या माणसाने म्हटले आहे. हा तपशील लहान आहे. परंतु एखाद्या गावाचे तोंड कसे मिटते ते त्यावरून समजते. त्या छायाचित्रकाराने दुःखाचे चित्र घेतले एवढाच त्याचा दोष नव्हे. खरे दुःख समोर असताना ते पुरेसे चित्रमय नाही, असे त्याला वाटले आणि त्याने एका मुलाकडून त्याची नक्कल मागितली, हा दोष अधिक गंभीर आहे.

बेथानिया हे प्रार्थनामंदिर या काळात तात्पुरते शवागार बनले होते. आईबाप रात्री-बेरात्री बाहेर रांगेत उभे राहत. एकेकाला आत बोलावून मुलाची ओळख पटविण्यास सांगितले जाई. कपड्यांवरून वा खिशातील वस्तूंवरून ओळख पटवावी लागे. खाणगावांत मृत्यू अपरिचित नव्हता. खाणीत माणूस दगावला तर शेजारीपाजारी जमत, घराचे पडदे ओढले जात, आणि पुरुषमंडळी अंत्ययात्रेबरोबर पायी चालत. शोक करण्याची ही एक घडलेली रीत होती. अनोळखी माणसांनी भरलेल्या गावात ती पाळणे अवघड झाले. २७ ऑक्टोबर रोजी डोंगरउतारावरील दफनभूमीत ८१ मुलांचा व एका स्त्रीचा सामुदायिक दफनविधी झाला. उतारावर फुलांचा प्रचंड क्रूस मांडला होता. त्याचे दुरून घेतलेले चित्र या दुर्घटनेच्या प्रत्येक वृत्तांतात आढळते. हे चित्र दुरून घेतलेले आहे, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यात एकाही चेहऱ्याची ओळख पटत नाही, तरी घटनेची व्याप्ती कळते.

शवागार व दफनविधी यांच्याच दिवसांत आणखी एक प्रकार घडला, त्याचा उल्लेख सहसा विनोदाने केला जातो. जॉन बार्कर नावाचे मनोविकारतज्ज्ञ दुर्घटनेनंतर लगेच अ‍ॅबरव्हॅनला गेले होते. त्यांच्या सूचनेवरून लंडनच्या ईव्हनिंग स्टँडर्ड या वृत्तपत्राचे विज्ञानवार्ताहर पीटर फेअर्ली यांनी २८ ऑक्टोबर रोजी वाचकांना आवाहन केले : ज्यांना या घटनेची पूर्वसूचना स्वप्नात वा अन्य प्रकारे मिळाली असेल त्यांनी कळवावे. ७६ उत्तरे आली. ज्या घटनेची खरी पूर्वसूचना नगरपालिकेच्या कागदोपत्री तीन वर्षे पडून होती, तिच्यासाठी स्वप्ने गोळा करण्यात आली, हे पाहता या प्रकाराकडे केवळ विक्षिप्तपणा म्हणून पाहता येत नाही.

पण याच आठवड्यात वृत्तमाध्यमांचा दुसरा उपयोगही दिसून आला. २४ ऑक्टोबर रोजी मृत्युसमीक्षेचे काम सुरू झाले. एका मुलाच्या मृत्यूचे कारण गुदमरणे व अनेक जखमा असे वाचून दाखविताच त्याच्या पित्याने उभे राहून हरकत घेतली. आपले मूल राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत गाडले, असेच मृत्यूच्या दाखल्यावर लिहावे, अशी मागणी त्याने केली. सभागृहातून ‘खुनी’ असे ओरडण्याचे आवाज आले. वार्ताहर तेथे नसते, तर हे शब्द त्या खोलीबाहेर गेले नसते. त्या पित्याचा शोक तेथे प्रकट झाला, यात शंका नाही. त्याच्याकडून तो कोणी काढून घेतला नव्हता. तो त्याने आपण होऊन जाहीर सभेत मांडला होता.

कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स दुर्घटनेच्या दिवशी अ‍ॅबरव्हॅनला आले नाहीत. सरे विद्यापीठाच्या कुलपतिपदाच्या समारंभास ते गेले. पुढे गावी आल्यावर त्यांनी दूरचित्रवाणीच्या वार्ताहराला सांगितले, की ढिगाखालील नैसर्गिक झरे कोणालाही माहीत नव्हते. हे विधान मुलाखतीमुळे नोंदले गेले आणि ते चुकीचे आहे हे गावातील कोणीही सांगू शकत होता. चौकशीत मंडळाला ते अखेर सोडून द्यावे लागले. मोठ्या पदावरील माणसाला प्रश्न विचारणारा वार्ताहर आणि मुलाला रडावयास सांगणारा छायाचित्रकार हे एकाच व्यवसायाचे, एकाच ठिकाणी व एकाच आठवड्यात काम करीत होते. शोकग्रस्त माणूस पहिल्याच्या दृष्टीने साक्षीदार होता, दुसऱ्याच्या दृष्टीने दृश्य. अ‍ॅबरव्हॅनमधील वर्तनाचा न्याय करताना ही कसोटी उपयोगी पडते. वार्ताहर गावात असावा की नसावा, या प्रश्नाने फारसे साधत नाही.

शासनाचा कल मात्र वेगळ्या दिशेने होता. लॉर्ड न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायाधिकरण नेमल्यावर महान्यायवादी सर एल्विन जोन्स यांनी २७ ऑक्टोबर रोजी, म्हणजे सामुदायिक दफनविधीच्याच दिवशी, कॉमन्स सभेत इशारा दिला. चौकशीच्या विषयावर वृत्तपत्रांतून वा दूरचित्रवाणीवरून केलेले भाष्य न्यायासनाचा अवमान ठरू शकेल, असा त्याचा आशय होता. वृत्तपत्रांनी यास आक्षेप घेतला. पुढे या कायद्याच्या विचारासाठी न्यायमूर्ती सॅमन यांची समिती नेमण्यात आली व तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. शोकाच्या मर्यादेचे रक्षण आणि दोषी संस्थेचे रक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हींसाठी वापरली जाणारी भाषा पुष्कळदा सारखीच असते. वृत्तपत्रांना आवरण्याचा अधिकार शासनाकडे द्यावा, असे म्हणणाऱ्यांना अ‍ॅबरव्हॅनचा हा प्रसंग गैरसोयीचा वाटतो.

न्यायाधिकरणाने ७६ दिवस काम करून १३६ साक्षीदार तपासले. ऑगस्ट १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दुर्घटनेचा दोष पूर्णपणे कोळसा मंडळावर ठेवण्यात आला. मंडळातील कोणाही अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही. लॉर्ड रॉबेन्स यांचा देऊ केलेला राजीनामा स्वीकारला गेला नाही.

तत्पूर्वी बहुतेक वार्ताहर निघून गेले होते. जे नंतर आले वा मागे राहिले, त्यांपैकी अमेरिकन छायाचित्रकार आय्. सी. रॅपोपोर्ट यांचे काम निराळे ठरले. लाइफ या साप्ताहिकासाठी आलेले रॅपोपोर्ट गावात कित्येक आठवडे राहिले. लोकांशी ओळख झाल्यावर त्यांनी त्यांची घरे, पानगृहे आणि रस्त्यावर उरलेली थोडकी मुले यांची चित्रे घेतली. ती आता वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रही आहेत. इंग्रज लेखक लॉरी ली यांनीही या गावावर दीर्घ निबंध लिहिला. या दोघांनी पहिल्या दिवसातील वार्ताहरांपेक्षा शोकाच्या अधिक जवळ जाऊन पाहिले, तरी त्यांच्यावर घुसखोरीचा आरोप त्या प्रमाणात झाला नाही. त्यांच्या हाती वेळ होता व पहिल्या वार्ताहरांच्या हाती तो नव्हता, हे याचे साधे कारण असावे. सायंकाळच्या आवृत्तीसाठी धावणाऱ्याला ओळख करून घेण्याची सवड नसते, हे खरे. परंतु ही अडचण त्याच्या धंद्याची आहे. तिची किंमत शोक करणाऱ्याने द्यावी, असे त्यातून निघत नाही.

प्रसिद्धीचा एक परिणाम पैशाच्या रूपाने झाला. चित्रे व वृत्तांत पाहून जगभरातून सु. ९०,००० देणग्या आल्या आणि व्याजासह निधी सु. १७.५ लाख पौंडांपर्यंत गेला. पत्रे, खेळणी व भेटवस्तूही पुष्कळ आल्या. ही सहानुभूती खोटी नव्हती. तरीही दूरवरून दुःख पाहणाऱ्याला त्या दुःखावर आपलाही काही हक्क आहे असे वाटू लागते, याचा अनुभव गावाला लवकरच आला. पैसा कसा खर्च व्हावा, खाणकामगारांच्या कुटुंबांना एवढी रक्कम पेलेल काय, यांवर बाहेरच्यांची मते व्यक्त होऊ लागली. कोळसा मंडळाने प्रत्येक मुलामागे प्रथम ५० पौंड देऊ केले होते. ते पुढे ५०० पर्यंत वाढविले. निधीच्या विश्वस्तांनी प्रत्येक शोकग्रस्त कुटुंबास ५,००० पौंड देण्याचे ठरविले, तेव्हा धर्मादाय आयोगाने हरकत काढली. आईवडील आपल्या मुलाच्या खरोखर निकट होते काय व त्यांना मानसिक क्लेश होण्याचा संभव आहे काय, याची खात्री रक्कम देण्यापूर्वी करून घ्यावी, असे आयोगाने सुचविले. विश्वस्तांनी तसे केले नाही. शोकाचा पुरावा मागणारा हा प्रश्न कोणा वार्ताहराने नव्हे, तर एका शासकीय आयोगाने विचारावयास लावला होता.

डोंगरावरील उरलेले ढीग हटवावेत, अशी गावाची मागणी होती. ती बराच काळ दुर्लक्षित राहिली, तेव्हा १९६८ मध्ये गावकऱ्यांनी कार्डिफ येथील वेल्श कार्यालयात खाणीचा गाळ नेऊन ओतला. हे कृत्य अर्थातच वृत्तपत्रांत आले आणि ते यावे, अशीच गावकऱ्यांची इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या तोंडावर दारे लावली, त्यांनाच आता बोलावण्यात आले. फरक एवढाच, की कोठे, केव्हा व कशासाठी, हे या वेळी गावाने ठरविले. ढीग हटविण्यास मान्यता मिळाली. मात्र खर्चापोटी १,५०,००० पौंड मदतनिधीतून घेण्यात आले. ही रक्कम शासनाने १९९७ मध्ये व्याजाविना परत केली. २००७ मध्ये वेल्सच्या शासनाने स्मारकनिधी व शिक्षणनिधी मिळून २० लाख पौंड दिले.

वाचलेल्या मुलांवरील परिणाम दीर्घकाळ टिकले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात, तेहतीस वर्षांनंतर तपासलेल्या ४१ जणांपैकी ४६ टक्के जणांना आघातोत्तर मनोविकार आयुष्यात केव्हा ना केव्हा जडल्याचे व २९ टक्के जणांत तो अद्याप असल्याचे आढळले. दहाव्या, पंचविसाव्या, पन्नासाव्या स्मृतिदिनी वार्ताहर पुन्हा येतात, तेव्हा ते ज्यांच्याशी बोलू पाहतात ती ही माणसे असतात. वृत्तपत्राच्या दृष्टीने वर्धापनदिन ही एक निरुपद्रवी प्रथा आहे. पण तारीख वृत्तपत्राच्या पंचांगाप्रमाणे येते, मनुष्याच्या तयारीप्रमाणे नव्हे.

ब्रिटनमधील आचारनियम या घटनेनंतर लगेच बदलले असे म्हणता येत नाही. वृत्तपत्र परिषद १९५३ पासून अस्तित्वात होती. पण तिचे निर्णय पाळण्याचे बंधन कोणावर नव्हते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो क्रीडांगणावरील चेंगराचेंगरीनंतर (मृत ९७) कुंपणावर चिरडल्या जाणाऱ्या प्रेक्षकांचे चेहरे ओळखू येतील अशी छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. चारच दिवसांनी द सन या वृत्तपत्राने मृतांच्या सोबत्यांवर चोरीचे व विटंबनेचे खोटे आरोप पहिल्या पानावर छापले. लिव्हरपूलमध्ये या वृत्तपत्रावर टाकलेला बहिष्कार पुढे कित्येक दशके टिकला. आरोपांचा खोटेपणा स्वतंत्र मंडळाच्या अहवालाने २०१२ मध्ये अधिकृतपणे मान्य झाला. खासगी जीवनातील हस्तक्षेपाचा विचार करणाऱ्या कॅल्कट समितीच्या १९९० मधील अहवालानंतर वृत्तपत्र तक्रार आयोग १९९१ मध्ये स्थापन झाला. शोक वा धक्का यांच्या प्रसंगी चौकशी सहानुभूतीने व विवेकाने करावी, असे कलम त्याच्या आचारसंहितेत होते. २०१४ पासून तिचा अंमल दुसऱ्या संस्थेकडे आहे. कलम कायम आहे.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे शाळेत झालेल्या गोळीबारात १६ मुले व एक शिक्षिका ठार झाली. अंत्यविधींपूर्वी गावातून निघून जाण्याची विनंती बहुतेक वार्ताहरांनी मानली. त्यामुळे बातमीचे काही बिघडले नाही. उलट शस्त्रबंदीची चळवळ तेथील पालकांनीच वृत्तपत्रांच्या साहाय्याने चालविली. पण २००९ मध्ये स्कॉटिश संडे एक्सप्रेसने वाचलेली मुले अठरा वर्षांची होत असता समाजमाध्यमांवरील त्यांच्या खासगी नोंदी व चित्रे उचलून त्यांच्या वागण्यावर टीका करणारा लेख छापला. मोठा जनक्षोभ झाला. वृत्तपत्राने माफी मागितली आणि आयोगाने तक्रार मान्य केली. या खेपेस वार्ताहराला गावात पाऊलही टाकावे लागले नव्हते.

भारतात वृत्तपत्र परिषद १९६६ मध्येच स्थापन झाली. आणीबाणीत ती विसर्जित होऊन १९७९ मध्ये पुन्हा अस्तित्वात आली. तिच्या आचारमानकांत, वैयक्तिक शोकाच्या क्षणांत छायाचित्रणाद्वारे होणारी घुसखोरी टाळावी, असे म्हटले आहे; त्याबरोबरच, अपघात वा नैसर्गिक आपत्ती यांतील बळींची छायाचित्रे व्यापक लोकहितास धरून असू शकतात, अशी पुस्तीही जोडली आहे. या दोन वाक्यांमधील अंतर भोपाळ येथे २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री झालेल्या वायुगळतीनंतरच्या एका चित्रात दिसते. पुरल्या जात असलेल्या एका बालकाचा मातीबाहेर उरलेला चेहरा रघु राय व पाब्लो बार्थोलोम्यू या दोन छायाचित्रकारांनी टिपला. बार्थोलोम्यू यांच्या चित्रास त्या वर्षीचा जागतिक वृत्तछायाचित्र पुरस्कार मिळाला, आणि पुढे नुकसानभरपाईसाठी लढणाऱ्या गॅसपीडितांच्या मोर्चांतही ही प्रतिमा फलकांवर मिरविली गेली. त्या बालकाचे आईवडील कधीच पुढे आले नाहीत व त्याचे नावही कळले नाही.